तीन बोटांची फट

कात्रीचा दिवस पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचा. पाळी साडेपाचची. घरापासून कामापर्यंत चालत पंचवीस मिनिटं. साडेचारला उठली असती तरी भागलं असतं, पण वरची वीस मिनिटं तिची स्वतःची होती. चहाचं आधण ठेवायचं, स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली स्टूल ओढायचं आणि टॅटिंगची शटल हातात घ्यायची. वीस मिनिटांत एक रिंग. आत नवरा घोरत असायचा. बस-डेपोतून निवृत्त झाल्यापासून त्याला कुठलीच पाळी नव्हती.

नोकरी इस्पितळाच्या लाँड्रीत, चादरींच्या इस्त्रीवर. खोलीच्या रुंदीएवढा तापलेला रोलर. अलीकडून दोघींनी ओली चादर दोन टोकांना धरून लावायची, पलीकडून ती कोरडी, सपाट बाहेर पडते. पाळीला नऊशे चादरी. लावताना बोटभर तिरकी गेली तर चुणी पडते. रोलरखालून आलेली चुणी हाताने निघत नाही. चादर परत पाण्यात. तेहेतीस वर्षं तिने हे केलं होतं. बोटांची टोकं निबर झाली होती. तापलेलं पातेलं ती चिमट्याशिवाय उतरवायची, आणि बारीक दोरा दिवसभर ओढला तरी तिच्या बोटाला चीर पडत नसे.

टॅटिंग म्हणजे दोऱ्याच्या गाठींची लेस. ज्याने ते पाहिलं नसेल त्याला थोडं सांगायला हवं. शटल म्हणजे बोटाएवढी होडी, पोटात दोरा गुंडाळलेली. डाव्या पंजावर दोऱ्याचा फास घ्यायचा आणि उजव्या हाताने शटल त्याच्या खालून-वरून न्यायची. गाठ पडते. पण ही गाठ शटलच्या दोऱ्याची असते. उजवा हात ताणून डावा सैल सोडला की ती उडी मारते आणि फासाच्या दोऱ्याची होऊन बसते. उडालेल्या गाठी मण्यांसारख्या सरकतात. पुरेशा झाल्या की शटल ओढायची, फास बंद होतो, रिंग तयार. एक गाठ जरी उडायची राहिली तरी ती जागच्या जागी आवळते आणि रिंग बंद होत नाही. उसवता येत नाही. कापा, पुन्हा सुरू करा. मधेमधे दोऱ्याचे बारीक कान सोडतात, त्यांना पिको म्हणतात. त्या कानांना धरून एक रिंग दुसरीला जोडायची. सगळी लेस एवढ्यावर उभी असते.

पन्नासाव्या वर्षी ती हे शिकली, लाँड्रीत फाटक्या चादरी शिवणाऱ्या एका म्हातारीकडून. तेव्हापासून आठ वर्षांत रुमालांच्या कडा झाल्या, पुस्तकात घालायच्या खुणा झाल्या, बाटलीच्या झाकणाएवढी फुलं तर डबाभर झाली. लोक म्हणायचे, बाई, किती सुंदर. ती म्हणायची, हा सराव आहे. लोकांना तो विनय वाटायचा. विनय कसला? खरं काम वेगळंच होतं, आणि ते तिला येत नव्हतं.

ते काम म्हणजे आईची कॉलर.

आईने ती सात महिने खपून केली होती. गोल, पांढरी, बारीक दोऱ्याची, तीन ओळींची. आठ वर्षांच्या धाकटीला बाहुलीसाठी चादर हवी होती. तिने कात्री घेतली आणि कॉलरच्या डाव्या बाजूचा तीन बोटं रुंद तुकडा कापून घेतला. बाहुलीला तो छान बसला. मग बाहुली हरवली, चादरीसकट. आई ओरडली नाही, मारलंही नाही. कॉलर घालायची तेव्हा ती वेणी डाव्या खांद्यावरून पुढे घ्यायची, म्हणजे फट झाकली जायची. दोन वर्षांनी आई गेली. धाकटीच्या आठवणीतली आई कायम वेणी पुढे घेतलेलीच राहिली.

नाव कात्री पडलं ते त्या दिवशी. ठेवलं थोरल्या बहिणीने, आणि पन्नास वर्षांत एकदाही सोडलं नाही. घरात सगळ्यांनी उचललं. नवऱ्यानेही लग्नानंतर आठवड्याभरात उचललं.

ताई आठ वर्षांनी मोठी, दुसऱ्या गावी मुलाकडे राहायची. कॉलर तिच्याकडे. एका मंगळवारी संध्याकाळी तिचा फोन आला. फोनवर 'हॅलो' म्हणण्यात ती वेळ घालवत नसे.

"कात्री, ऐक. नातीचा पदवीचा समारंभ आहे. काळा ड्रेस घेतलाय पोरीने, आणि त्यावर आईची कॉलर घालणार म्हणते."

"फटीसकट?"

"फटीसकट कशी घालेल? तुमच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याशी बोलले मी. बाजारातल्या लेसचा तुकडा कापून बसवतो म्हणाला. दहा मिनिटांचं काम आहे म्हणे."

"दहा मिनिटांचं!" कात्री खुर्चीतून उठलीच. "ताई, आईचे सात महिने गेलेत त्यात."

"मला सांगतेस? मी बघत होते. तू तेव्हा भोकाड पसरून बसलेली असायचीस."

"मी भरते ती फट."

"आठ वर्षं भरतेयस. मागच्या वेळचा नमुना आठवतोय ना? बोट फिरवलं तर मधे वाटाणा लागला."

"तीन आठवडे दे. तिसऱ्या रविवारी ये, तुझ्यासमोर बसून भरते. नाही जमलं तर सोमवारी ने शिंप्याकडे. मी तोंड उघडणार नाही."

"ते तुला जमेल?"

"तोंड बंद ठेवणं? नाही. पण फट भरेन."

मग ताई म्हणाली, "एक सांगून ठेवते. कॉलरला कात्री लागता कामा नये."

कात्रीने लगेच दुसरा विषय काढला. कात्री लावावी लागणार होती. ते तिला ठाऊक होतं, पण फोनवर सांगायची ती गोष्ट नव्हती.

आता वाटाण्याचं. अडचण तिथेच होती. आईच्या कॉलरला तीन ओळी, एकीवर एक. खालची ओळ संपली की वरची सुरू. साधी रिंग जिथे सुरू होते तिथेच बंद होते. दोरा बुडाशी आत जातो आणि बुडाशीच बाहेर येतो. वर चढायचं तर दोरा कापावा लागतो, वर नव्याने बांधावा लागतो, आणि टोकं लपवावी लागतात. तोच वाटाणा. आईच्या कामात वाटाणा नव्हता. ओळीच्या टोकाची रिंग बुडाशी सुरू व्हायची आणि दोरा तिच्या डोक्यातून बाहेर पडून थेट वरच्या ओळीत जायचा. कापलेला नाही, बांधलेला नाही. कात्री त्या रिंगेला 'जिना' म्हणायची. कॉलरवर कागद ठेवून तिने पेन्सिलीने ठसा घेतला होता. तो ठसा आठ वर्षं तिने पाठ केला, आणि जिना काही सापडला नाही.

त्या आठवड्यात तिने चौदा जिने केले. चौदा कापले. बुडापासून डोक्यापर्यंत दोरा मागून नेऊन पाहिला. मागे दोरी दिसली. दोन अर्ध्या रिंगा करून जोडल्या. मधे फट पडली. एकदा सुईने दोरा गाठींच्या पोटातून वर काढला, तर रिंग फुगून बेडकासारखी झाली.

"छान आहे," नवरा म्हणाला. "बेडूक कॉलरवर चालतो का?"

"अहो, तुम्ही घोरायला जा."

"संध्याकाळचे आठच वाजलेत."

"म्हणून कधी थांबलात?"

डोळेही ताणले जायचे. चौकातल्या दुकानात एक दिवा होता, लांब मानेचा, गोल भिंग लावलेला. त्याखाली दोरा दोरखंडाएवढा दिसायचा. त्यासाठी ती तीन महिने जादा पाळ्या करत होती. सुट्टीच्या दिवशी दुपारच्या पाळीला चादरी वाहायच्या, ओल्या, एका गाठोड्याला वीस किलो. तो पगार वेगळा ठेवला होता. अजून थोडा कमी पडत होता.

दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी जिना सापडला. तो कात्रीला नाही सापडला. बॉयलरवाल्याला सापडला, आणि सापडलाय हे त्याला कळलंसुद्धा नाही.

बॉयलरवाला लाँड्रीतलाच, नवऱ्याचा जुना मित्र. चाळीस वर्षं सिगारेट ओढून त्याने महिन्यापूर्वी सोडली होती, आणि हात रिकामे राहिले की तो नखं खायचा. नखं संपली. तेव्हा म्हणाला, "वहिनी, मला ते तुमचं दोऱ्याचं शिकवा. नाहीतर आता बोटं खायला लागेन." तिने त्याला दोन शटल दिल्या, एकीवर पांढरा दोरा, एकीवर कपड्यांवर खुणा करायचा निळा. शिकणाऱ्याला दोन रंग दिले की कुठली गाठ कुणाची ते कळतं. दोन्ही टोकं एकत्र बांधून दिली. त्याची बोटं केळ्यांएवढी. एकही गाठ उडायची नाही. रोज सव्वानऊच्या चहाला बॉयलरच्या दाराशी उलट्या टोपल्यांवर दोघं बसायची, आणि रोज ती कापायला लावायची.

त्या गुरुवारी त्याची अर्धी रिंग धड झाली होती. पांढऱ्या दहा गाठी, सगळ्या उडालेल्या. तेवढ्यात वाफेचा काटा बघायची वेळ झाली. त्याने काम तसंच खिशात घातलं, आत गेला, व्हॉल्व्ह पिळला, परत आला आणि खिशातून काढलं ते उलटं धरलं. पांढरी समजून निळी शटल उचलली. आणि रिंगेच्या दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे बुडाकडून, निळ्या गाठी मारत सुटला. सवयीप्रमाणे एकही उडाली नाही.

चहा संपवून कात्रीने बघितलं. "भावजी! काय केलंत हे? शटल दुसरी, बाजू दुसरी, आणि गाठी सगळ्या मेलेल्या. कापा."

"दहा मारल्यात हो. दहा! घाम आलाय मला."

"घाम बॉयलरचा आहे. कापा म्हणते ना."

"कापतो. पण आधी ओढून बघतो. मनाचं समाधान."

त्याने पांढरी शटल ओढली, आणि रिंग बंद झाली.

कात्रीचा कप टोपलीवर ठेवायचा राहिला. तिने ते काम त्याच्या हातातून हिसकावलं. गोल, घट्ट, देखणी रिंग. अर्धी पांढरी, अर्धी निळी. आणि दोन्ही दोरे बाहेर पडले होते ते बुडाशी नाही. डोक्यातून. जिथे पांढऱ्या गाठी संपल्या आणि निळ्या येऊन भेटल्या, तिथून दोन्ही सरळ वर.

"वहिनी? चुकलं का फार?"

"पुन्हा करा."

"काय?"

"जे केलंत ते! पुन्हा करा!"

"मला काय माहीत मी काय केलं!"

आता तिला दिसलं. आठ वर्षं ज्या गाठीला ती मेलेली म्हणत होती, तीच इथे पाहिजे होती. पहिली अर्धी बाजू उडालेल्या गाठींची. ती आतल्या पांढऱ्या दोऱ्यावर सरकते. दुसरी अर्धी बाजू दुसऱ्या शटलच्या, न उडालेल्या गाठींची; त्याही त्याच पांढऱ्या दोऱ्याला वेढून बसलेल्या, म्हणून त्याही सरकतात. आतला दोरा एकच. ओढला की सगळं बंद. आईकडे दोन शटल होत्या. दोन्हींवर पांढरा दोरा, म्हणून कुणाला कधी दिसलं नाही. आणि लाँड्रीतल्या म्हातारीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: गाठ उडाली नाही तर काप. तिने इमानदारीने कापत आणलं होतं. किती जिने कचऱ्याच्या डब्यात गेले असतील!

ती उभी राहिली आणि बॉयलरवाल्याच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याला खोकला आला.

"भावजी, तुम्ही हुशार आहात!"

"हे लेखी द्याल का? बायकोला दाखवतो."

आतून सुपरवायझरबाईंचा आवाज आला, रोलर रिकामा फिरतोय, कुणी लावणार आहे का चादर की मीच येऊ. कात्री पळत आत गेली. त्या दिवशी उरलेल्या पाच तासांत तिने एकही चादर तिरकी लावली नाही, आणि जोडीदारणीला समजेना की ही बाई चादर लावताना हसते कशाला. सुटी झाल्यावर पंचवीस मिनिटांची वाट तिने एकोणीस मिनिटांत कापली. चप्पल न काढताच टेबलाशी बसली. दोन शटल, दोन्हींवर पांढरा. पहिला जिना चाळीस मिनिटांत झाला. बंद झाला. दुसरा पस्तीस मिनिटांत.

"अहो! चढले!"

"कुठे?" नवऱ्याने विचारलं.

"जिना!"

"आपण तळमजल्यावर राहतो," तो म्हणाला, पण चष्मा लावून जवळ आला, आणि तो बारीक गोल उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी बघत राहिला. त्याच्याकडून हीच मोठी शाबासकी.

राहिला रंग. आईचा दोरा पन्नास वर्षांत सायीसारखा झाला होता. नवा पांढरा त्याच्याशेजारी ओरडला असता. पण कापडाचा रंग हा कात्रीच्या पोटापाण्याचा विषय. चहाच्या पाण्यात दोरा किती मिनिटं ठेवला की किती पिवळा होतो, याचे तिने नऊ तुकडे करून पाहिले. सातवा पसंत पडला: फिकट चहा, अकरा मिनिटं, मग मिठाच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवणं.

ठरलेल्या रविवारी सकाळी साडेआठला ताई आली. पिशवीतून टॉवेल काढला, टॉवेलातून कॉलर. मग स्वतःच किटली उचलून कपात चहा ओतला; अर्धा बशीत गेला. "तुमच्या कपांना तोंडच लहान," ती म्हणाली.

कात्रीने टेबल खिडकीशी ओढलं होतं. काळ्या कापडावर कॉलर पसरली. दोन शटल, सुई, दोरा. आणि शेवटी तिने खणातून ती बारीक टोकाची कात्री काढली.

नवरा उठला. "मी बाजारात जातो. इथे आता रक्त सांडणार."

ताईने तिचं मनगट धरलं. सहासष्ट वर्षांच्या मानाने पकड जबर होती. "मी फोनवर काय सांगितलं होतं?"

"ताई, ऐक. फटीच्या दोन्ही कडांना अर्ध्या रिंगा लोंबतायत, मी तेव्हा मधूनच कापलेल्या. कापलेल्या रिंगेला नवं काही धरत नाही. त्या काढल्या की अख्ख्या रिंगा हाताला लागतात, मग त्यांच्या पिकोंना जोडता येतं."

"किती काढणार?"

"पाच."

"आईच्या पाच!"

"आईच्या पाच अर्ध्या काढते आणि सोळा पुऱ्या घालते. तू मोज."

"आणि नाही जमलं तर?"

"तर फट आणखी मोठी होईल," कात्री म्हणाली. "आणि तू मला काय नाव ठेवशील, मला सुचत नाही."

ताईने मनगट सोडलं आणि खिडकीबाहेर तोंड केलं. "काप. मी बघत नाही."

पाच वेळा कट्कन आवाज झाला. प्रत्येक आवाजाला ताईचा खांदा हलला. कात्रीचा हात हलला नाही. नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती.

खालची ओळ, सहा रिंगा. पाच गाठी, पिको, पाच गाठी, पिको. आईच्या पिकोला पहिला जोड दिला तेव्हा दोरा त्या कानातून अलगद पार झाला, जणू तो पन्नास वर्षं वाटच बघत होता. अकरा वाजता ओळीच्या टोकाशी जिना आला. अर्धी बाजू या शटलने, उडवून. काम उलटवलं. अर्धी बाजू त्या शटलने, न उडवता. कात्रीने ओढलं. दोरा निम्म्यावर अडला. पन्नाशीपासूनचे सगळे कापलेले जिने तिच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. तिने शटल सोडली, बोटांनी रिंग दोन्हीकडून हलकी चेपली, चादरीची चुणी रोलरपुढे सारखी करतात तशी, आणि पुन्हा ओढलं. रिंग सुळकन बंद झाली.

"हो!" ती ओरडली.

ताई खुर्चीत डुलकी घेत होती, ती दचकून उठली. "काय झालं? काय कापलंस?"

"काही कापलं नाही! वर आले मी, ताई, वरच्या ओळीत आले!"

जेवायला ती उठली नाही. बोटांना लोणी लागू नये म्हणून ताईने ब्रेडचे तीन तुकडे भरवले, तेवढेच खाल्ले. मधली ओळ पाच रिंगा, मग दुसरा जिना. तो एका ओढीत बंद झाला. वरची ओळ. शेवटच्या रिंगेच्या वेळी शटलवर वीतभरच दोरा उरला. नवा बांधला तर वाटाणा. तिने गाठी मोजल्या, दोरा मोजला, आणि पिको केसभर लहान घेतले. पुरला. चार वाजायला दहा मिनिटं कमी असताना तिने टोकं सुईने आत घेतली, ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली आणि कॉलर ताईपुढे धरली.

ताईने डोळे मिटून बोट फिरवलं. डावीकडून उजवीकडे. पुन्हा. तिसऱ्यांदा अगदी सावकाश. वाटाणा लागला नाही. तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"जोड दिसतच नाही गं," ती म्हणाली. "शिंप्याला फोन कर, येत नाही म्हणून सांग. कात्री, कमाल केलीस! नुसतं बघत राहावंसं वाटतं."

कात्री आनंदाने रडायच्या बेतात होती. मग तिचं लक्ष गेलं. ताई कॉलर उलटी धरून बघत होती. मागची बाजू, सुईची टोकं जिथे लपवलेली, ती समोर. आणि जिथे बघत होती तिथे फट कधी नव्हतीच.

तेव्हा बशीतला चहा आठवला. वाटाण्याचे सगळे नमुने आठवले. ते ताईने दर वेळी बोटानेच तपासले होते.

"ताई, तुला दिसतं का?"

"मला काय झालंय? माझी नजर शाबूत आहे."

"हातात काय धरलंयस?"

"कॉलर."

"कुठली बाजू?"

ताईने कॉलर टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "चष्मा लावला की माणूस म्हातारं दिसतं."

कात्रीला रात्रीपर्यंत दुसरं काही सुचलं नाही. आठ वर्षं, सोळा रिंगा, एका दिवसात जवळजवळ सात तास मान खाली. आणि परीक्षा कुणी घेतली, तर जिला पेपरच दिसत नाही तिने! न बघता दिलेले गुण तिला नको होते. सोमवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, ताईचा दंड धरला आणि शिंप्याचं दुकान ओलांडून दोघी चष्म्याच्या दुकानात गेल्या. ताई वाटभर कुरकुरत होती. आत गेल्यावर भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यात तिला तक्ता दिसला, अक्षरं नाही.

गुरुवारी चष्मा मिळाला; तोवर ताई इथेच राहिली. ताईने तो घरी येऊन खुर्चीत बसून घातला, आणि पहिल्यांदा कात्रीकडे बघितलं.

"अगं बाई! तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"तू बघत नव्हतीस तेव्हा."

"आणि हे कपाट! किती धूळ! या घरात कुणी फडकं मारतं का?"

"कॉलर बघ," कात्री म्हणाली.

ताईने कॉलर घेतली. सुलटी. खिडकीकडे धरली. नाकाजवळ आणली. एकेक रिंग मोजायला लागली, ओठ हलवत. दारात नवरा उभा होता, पेपर खाली करून. आणि मग ताईचा चेहरा उजळला. तो चेहरा कात्रीला चांगला माहीत होता. कुणाची चूक सापडली की ताई अशी दिसायची.

"सापडली! ही बघ. सगळीकडे पाच-पाच गाठी, आणि इथे सहा. घाई केलीस ना? सांगत होते, जेवून घे."

कात्रीने वाकून बघितलं. ताईचं नख जोडाच्या दोन बोटं पलीकडे होतं. सहा गाठी होत्या खऱ्या. तिने पुन्हा मोजल्या. मग तिला हसू फुटलं, आणि ते आवरेना.

"काय झालं हसायला?"

"ताई, माझ्या सोळाच्या सोळा मी दोनदा मोजल्यात. ही आईची आहे."

"आईची?" ताईने चष्मा वर सारला, खाली केला. "आई चुकली?"

"चुकली."

"आई कधी चुकत नसे."

"इथे चुकलीय. आणि तशीच पुढे गेलीय."

ताई त्या सहाव्या गाठीवर नख ठेवून बसली. मग तिचाही खांदा हलायला लागला, आणि दोघी बहिणी एकमेकींना धरून इतक्या हसल्या की नवऱ्याने दार लोटून घेतलं.

"बरं," ताई डोळे पुसून म्हणाली, "मग तुझ्या कुठल्या?"

"शोध."

"सांग ना, कात्री."

"पन्नास वर्षं नाव ठेवलंयस. शोध आता."

भिंगाचा दिवा चौकातल्या दुकानातच राहिला. तीन महिन्यांच्या जादा पाळ्यांचा पगार, वीस किलोच्या ओल्या गाठोड्यांचा, त्या चष्म्यात गेला. आणि तो नाकावर घेऊन ताई उजेड असेपर्यंत खिडकीशी बसून जोड शोधत राहिली.